खड्ड्यांच्या रस्त्यावर दमदार गाडी
आधी टायर बघा. 245/35 आर 19 टायरची (245 मिमी रुंद, भिंत रुंदीच्या 35 टक्के, रिम 19 इंची) बाजूची भिंत जेमतेम 86 मिमी. खड्ड्याच्या कडेवर ती रिमपर्यंत चेपते, आतले धागे तुटतात, बाजूला टेंगूळ येतं. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलायचाच. 18 इंची रिमवर 245/40 घातला तर भिंत 98 मिमी होते आणि बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो. दिसायला थोडं कमी, पण सौदा फायद्याचा! फक्त रिम ब्रेक कॅलिपरला (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, ते आधी तपासा.

खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक अलीकडेच मारा आणि चाक आत जाण्याआधी सोडा. ब्रेक दाबलेला असला की पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, धक्का झेलायला जागा कमी उरते. कोंडीत ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली) गाडी इंचाइंचाने सरकवू नका, क्लच घसरून तापतो. पुढे जागा होऊ द्या, मग हला.