रस्त्याच्या पोटातली बाग

आईची एकच अट होती, "आज मॉल नको गं." म्हणून फ्लोरिडातल्या टॅम्पाहून शेजारच्या सेंट पीटर्सबर्गला जाताना मुद्दाम यूएस ९२ हा जुना हमरस्ता धरला. गँडी पूल ओलांडला की हाच रस्ता फोर्थ स्ट्रीट होतो. दोन्ही बाजूंना दुकानं आणि पेट्रोल पंप, त्यातच 'सन्कन गार्डन्स'. इथे एखादी बाग असेल असं रस्त्यावरून वाटतच नाही.

तिकीट काढून आत गेलो आणि वाट खाली उतरायला लागली. रस्त्यापेक्षा साधारण १५ फूट खोल. चार वळणांत गाड्यांचा आवाज विरला, दमट गारवा अंगाला लागला. आई थबकली. "परसातनं व्हाळाकडे उतरताना अस्साच वास यायचा." मग केळी, जास्वंद, बोगनवेल दिसेल तिथे ती थांबत राहिली. जास्वंदीच्या पानावरून तिने बोट फिरवलं, पान उलटून मावा पडलाय का तेही पाहिलं.

१९०३ साली जॉर्ज टर्नर नावाच्या प्लंबरने ही जागा घेतली, तेव्हा इथे उथळ तळं होतं. आपल्या धंद्यातलं कसब वापरून त्याने ते उपसलं. तळाची सुपीक माती हाती आली आणि त्याने तीत झाडं लावली. लोक बघायला येऊ लागले आणि १९३५ मध्ये बाग रीतसर खुली झाली. पाणी साचायची जागा म्हणून दुसऱ्या कुणी ती भरून टाकली असती, हे राहून राहून मनात येत होतं.

पुढे मोठे महामार्ग झाले, १९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड आलं, जुन्या रस्त्यांवरची अशी कितीतरी ठिकाणं बंद पडली. ही बाग मात्र १९९९ मध्ये शहराने विकत घेतली, आणि त्यासाठी लोकांनी मतदान करून स्वतःवर कर लावून घेतला! हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

फ्लेमिंगोंपाशी आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. ठाण्याच्या खाडीत दुर्बिणीतून पाहिलेले फिकट गुलाबी थवे कुठे आणि हे हातभर अंतरावरचे गडद केशरी-गुलाबी पक्षी कुठे! एकाने मान खाली घालून चोच पाण्यात उलटी धरली आणि गाळून गाळून खायला लागला. चोचीच्या कडेने पाणी बारीक धारेने बाहेर पडत होतं.

निघायची वेळ झाली तरी आई 'कोई' या रंगीत जपानी माशांच्या तळ्याकाठून उठेना. "जाऊ गं," म्हणाली, "तो पांढरा एकदा वर येऊ दे."