सरळ बाहेर का काढत नाही?

मंडळाच्या गणपतीत विचारतात, पुण्याला गेले की आत्याच्या हॉलमध्ये विचारतात, परवा तर भाचीच्या लग्नात पंगतीला बसल्यावर विचारलं. मी इंग्लंडमध्ये एका हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेच्या, घरांमधल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या त्रासाच्या तक्रारी बघते, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "रात्री-अपरात्री धिंगाणा घालणाऱ्यांना सरळ बाहेर का काढत नाही? घर तुमचं, भाडं एवढं कमी, मग एवढे लाड कशाला?" दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय बदलते. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते.

घर आमच्या मालकीचं असलं तरी माणसाला बाहेर काढायचा हुकूम कोर्ट देतं, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, याआधी तुम्ही काय काय करून पाहिलंत? तुमच्या सोसायटीत सभासदाला काढायचं तर सभेत तीन चतुर्थांश मतं लागतात, वर रजिस्ट्रारची मंजुरी. तेव्हा हे तुम्हाला अगदी परकं नाही.

शिवाय सगळे त्रास सारखे नसतात. वरच्यांनी गालिचा काढून लाकडी फ्लोअरिंग केलं, मूल धावतं, आई रात्रपाळीहून आल्यावर मशीन लावते. खालच्याची झोप जाते हे खरं, पण यात गुन्हेगार कोण? इथल्या हाउसिंग ऑम्बुड्समननेही, म्हणजे भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालानेही, 2022 मध्ये बजावलं की रोजच्या राहण्यातून होणारा आवाज गुंडगिरीच्या खात्यात टाकू नका. तिथे गालिचा आणि मशीनखालचे रबरी पॅड जे काम करतात, ते नोटीस करत नाही. त्रास जाणूनबुजून दिला जात असेल तर तक्रारदार फोनवर आवाज रेकॉर्ड करतो, रोजची वही लिहितो, आम्ही दोघांना समोरासमोर बसवतो, लेखी हमी घेतो, मग इन्जंक्शन, म्हणजे कोर्टाचा मनाई हुकूम. मारहाण किंवा तशी धमकी असेल तर त्याला अटकेचा अधिकार जोडता येतो. यात महिने जातात.

आणि हे महिने मी नाही, तक्रारदार जागून काढतो. 2007 मध्ये लेस्टरशायरमध्ये फियोना पिल्किंग्टन या बाईने पोरांच्या टोळक्याच्या छळाला कंटाळून गाडी पेटवली, स्वतःला आणि अपंग मुलीला संपवलं. पोलिसांना 33 वेळा कळवून झालं होतं. सहा महिन्यांत तीनदा तक्रार करूनही दाद लागली नाही तर फेरतपासणी मागायचा हक्क 2014 च्या कायद्याने दिला, तो अशा घटनांनंतर. म्हणून तुमचा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. एकदा मी तुमच्यासारखाच विचार केला होता.

2018 चा नोव्हेंबर. तीन मजल्यांची इमारत. तळमजल्यावर पन्नाशीचा एकटा माणूस, लिहिता-वाचता जेमतेम येणारा, आई गेल्यावर घराचा भाडेकरार त्याच्या नावावर झालेला. बरोबर वरच्या घरात एक आजी, ऐंशीच्या घरातल्या. ऑगस्टपासून खाली रात्रभर दारं आपटत होती, जिन्यात अनोळखी पोरं, सकाळी पायरीवर इंजेक्शनच्या सुया. आजींच्या वह्या माझ्याकडे होत्या. निळ्या शाईत 2.10, 2.45, 4.05, प्रत्येक नोंदीखाली पट्टीने रेघ मारलेली. एका पानावर एवढंच: "आज खाली उतरले नाही." त्या ओळीनंतर मी ठरवूनच टाकलं.

त्याला मी दोनदा भेटले. दुसऱ्या वेळी दार जरासं उघडून उभा होता. घरातही अंगात कोट. मी विचारलं, ही मुलं कोण? म्हणाला, "मित्र." मग आवाज उतरवून, "चावी त्यांच्याकडे असते." मी फायलीत लिहिलं: भाडेकरू पाहुण्यांना चावी देतो, सहकार्य करत नाही.

घर बंद करण्याच्या हुकुमासाठी अर्ज काउन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, केला, कागद मी पुरवले. आजी कोर्टात यायला घाबरल्या, त्यांचं म्हणणं मी सांगितलं, ते चालतं. तीन महिन्यांची क्लोजर ऑर्डर निघाली, खुद्द त्यालाही आत जायला मनाई. दाराला लोखंडी पत्रा ठोकत होते तेव्हा तो पिशवीत किटली घेऊन फुटपाथवर उभा होता. मला विचारलं, "मी परत कधी येऊ?" मी म्हणाले, "फेब्रुवारीत." घर असं 48 तासांहून जास्त बंद राहिलं की त्याच आधारावर कायमचा ताबा मागता येतो, आणि मग न्यायाधीशालाही फारसा वाव उरत नाही, हे मला माहीत होतं. तरी फेब्रुवारी म्हणाले. घर गेलं.

नंतर फाइल बंद करताना दुरुस्तीचा हिशेब समोर आला. मे, जून, जुलै: कुलूप बदललं, कारण चावी हरवली. दर वेळी 65 पाउंड त्याच्या नावावर. तो त्या पोरांना बाहेर ठेवायला कुलूप बदलून घेत होता, आणि आम्ही त्याला बिल लावत होतो.

याला इथे ककूइंग म्हणतात. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे आपण शाळेत शिकलो. ड्रग्ज विकणारे एकट्यादुकट्याचं घर असंच बळकावतात. हे प्रशिक्षणात मला शिकवलं होतं. शिकवलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण तेव्हाची मी गप्प बसत नाही. ती म्हणते, त्या आजींनी अजून किती रात्री काढायच्या होत्या? पत्रा ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, सात तास झोपले म्हणाल्या, आणि रडल्या. ते खोटं नव्हतं. आधी सोशल वर्करला बोलवायला हवं होतं, त्याला दुसरीकडे हलवून मग घर बंद करायला हवं होतं, असं मी तिला सांगते. ती विचारते, दुसरी जागा होती कुठे? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो काही महिने बस स्थानकावर दिसायचा असं कळलं. त्याचा फोन लागत नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका इमारतीतून चावी हरवल्याची नोंद आली, त्याच घरातून दुसऱ्यांदा. मी बिल थांबवलं आणि स्वतः गेले. दार उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार अकरा दिवसांपासून माझ्याकडे आहे. त्यांनी जिन्यात गाठून मला तुमचाच प्रश्न विचारला. उद्या सोशल वर्करला घेऊन पुन्हा जाते आहे.