खाचरातली सोनोग्राफी

दिवाळीनंतर भातकापणी उरकली की फलटणकडचे धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात आणि पेणच्या आसपासच्या मोकळ्या खाचरांत खतासाठी कळप बसवतात. कोकणच्या पावसात मेंढी टिकत नाही, त्यामुळे इथल्या पशुवैद्यकाला तिचे आजार पाहायला मिळतात ते बहुधा याच मोसमात.

अशाच एका वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावर, तीन मेंढ्या धापा टाकत होत्या. वाड्याचे कारभारी, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांच्या मते तिघींचे दुखणे एकच होते. "डाक्टर, ही मागं सुईनंच उठली हुती," असे ज्या मेंढीबद्दल ते सांगत होते, तीच आता सर्वांत खंगलेली होती. नुसत्या स्टेथोस्कोपवर अशा वेळी फार विसंबता येत नाही. गाभण तपासणीसाठी नेहमी जवळ असणारे सोनोग्राफी यंत्र मी गाडीतून काढले आणि काखेजवळच्या, लोकर नसलेल्या कातडीवर स्पिरिट ओतून प्रोब टेकवला.

ध्वनिलहरी हवेतून आत शिरत नाहीत. म्हणून निरोगी फुफ्फुसाच्या जागी पडद्यावर श्वासागणिक सरकणारी एक पांढरी रेघ आणि तिच्याखाली तिचीच समांतर प्रतिबिंबे दिसतात, बाकी काही नाही. पहिल्या मेंढीत ही रेघ जागोजागी तुटलेली होती आणि तिच्याखाली फुफ्फुसाचा छोटा भाग यकृतासारखा घट्ट दिसत होता, म्हणजे न्यूमोनिया. दुसरीत जाड भिंतीचे गळू होते. तिसरीत, म्हणजे मामांच्या त्या मेंढीत, फुफ्फुसाच्या खालच्या भागात स्पष्ट कडांचा, काळसर, भरीव पट्टा पसरला होता. तिने चरायला मान खाली घातली तेव्हा नाकपुड्यांतून फेसाळ पाणी ओघळले आणि माझा संशय बळावला.

विषाणूमुळे होणारा हा फुफ्फुसाचा कर्करोग आहे. क्लोन केलेल्या डॉली मेंढीलाही याच रोगामुळे 2003 मध्ये दयामरण द्यावे लागले. त्यावर लस नाही, औषध नाही, आणि मेंढीचे शरीर या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडेच तयार करत नसल्याने ती शोधणारी रक्ततपासणीही निरुपयोगी ठरते. सुईने तिला जो उतार पडला होता, तो गाठींवर नंतर जडलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाला. मामा तिला बाजारात न्यायला निघाले होते; श्वासातल्या तुषारांतून आणि दुधातून रोग दुसऱ्याच्या कळपात जाईल, हे पटवायला मला तपासणीपेक्षा जास्त वेळ लागला.

पहिलीला प्रतिजैविक सुरू केले, दुसरीला ते बरेच दिवस द्यावे लागेल असे बजावले, आणि तिसरीला दयामरण देऊन तिच्या फुफ्फुसाचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये प्रयोगशाळेकडे पाठवले. अहवालाने कर्करोगावर शिक्कामोर्तब केले. वाडा पुढच्या गावी हलण्याआधी उरलेल्या मोठ्या मेंढ्यांचीही मी तपासणी केली, तेव्हा वरून पूर्ण ठणठणीत दिसणाऱ्या एका मेंढीत सुपारीएवढी भरीव गाठ सापडली. मामांनी तिच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला आणि तिला कळपातून वेगळे काढले. बाकीच्यांना मात्र मी निर्दोष म्हटले नाही, कारण हवेने भरलेल्या भागाच्या आड खोल दडलेली गाठ या यंत्राला दिसत नाही. घाट चढण्यापूर्वी पुन्हा तपासू, एवढेच ठरले.