सुट्या गोळ्या

गुरुवार, 15 जुलै 2021. आमचं मेडिकल आठला उघडतं. मी साडेसातला पोचले तेव्हा रांग दारापासून पार्किंगच्या टोकापर्यंत गेली होती. हायलियात रांग नवी नाही, पण ती लसीसाठी किंवा लॉटरीच्या तिकिटासाठी. नुसत्या पॅरासिटॅमॉलसाठी लोक उन्हात उभे राहिलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

हायलिया म्हणजे मायामीला चिकटलेलं गाव. चार माणसांतली जवळजवळ तीन क्यूबन मुळाची. बँकेत, गॅरेजमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे सगळीकडे स्पॅनिशच, आणि तीही शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून बोललेली. मिरजेहून आलेली मी स्पॅनिश इथेच, काउंटरमागे उभी राहून शिकले. त्यामुळे माझ्या स्पॅनिशलाही तोच हेल आहे आणि इथली म्हातारी माणसं मला ‘मिहा’, म्हणजे पोरी, अशीच हाक मारतात.

रांगेचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या रविवारी, 11 तारखेला, हवानाजवळच्या सान अंतोनियो दे लोस बान्योस या गावात लोक रस्त्यावर उतरले आणि काही तासांत बेटभर मोर्चे निघाले. क्यूबात अशी गोष्ट कित्येक दशकांत घडली नव्हती. कोरोना शिगेला, वीज जाते, दुकानात माल नाही आणि औषधं तर नाहीतच. सरकारने धरपकड केली, इंटरनेट बंद केलं. मंगळवारी इकडच्या लोकांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी पालमेटो एक्सप्रेसवे अडवून धरला. आणि बुधवारी रात्री क्यूबाचे पंतप्रधान मारेरो टीव्हीवर सांगून गेले की 19 जुलैपासून वर्षअखेरपर्यंत प्रवाशांनी अन्न, औषधं, साबण-पेस्ट वाटेल तेवढं आणावं, जकात लागणार नाही.

लोक झोपलेच नसावेत. दहा वाजेपर्यंत माझं आयबुप्रोफेनचं फडताळ रिकामं. मुलांची तापाची सिरपं, व्हिटॅमिनचे डबे, उवांचं औषध, साखर तपासायच्या पट्ट्या, मोठ्या माणसांचे डायपर. सत्तरीच्या पुढच्या बायका एकच शब्द विचारायच्या: दुराल्हीना. क्यूबात ताप असो की डोकेदुखी, घराघरात हीच गोळी. अमेरिकेत ती 1970च्या दशकातच बाजारातून काढली गेली, त्यामुळे प्रत्येकीला नाही म्हणावं लागतं. गंमत अशी की मला ती गोळी लहानपणापासून माहीत आहे. आमच्या आजीच्या फळीवर ॲनाल्जिनची जी पट्टी असायची, तीच ही. आपली मराठी माणसं भारतातून परतताना बॅगेत क्रोसिन आणि व्होलिनी भरून अमेरिकेत आणतात. इथे बॅगा उलट्या दिशेला भरतात, आणि त्या सोयीच्या नसतात, गरजेच्या असतात.

रांगेत वादही झाला. पांढरी ग्वायाबेरा, म्हणजे क्यूबन पद्धतीचा सदरा, घातलेले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “काही पाठवू नका. तुम्ही पाठवता म्हणून ते सरकार उभं आहे. साठ वर्षं आपण त्यांना पोसतोय.” मागे उभी असलेली तिशीची बाई रडायलाच लागली. “माझी आई तिकडे आहे. उपाशी ठेवू तिला? किती दिवस?” दोघंही क्यूबनच. ते 1960च्या दशकात सगळं मागे टाकून आलेले, आणि ही चार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या सरहद्दीवरून आलेली. मी परकी, मधे बोलले नाही. पण माझं मत विचाराल तर मी त्या बाईच्या बाजूची आहे. एखाद्या म्हातारीचं डोकं दुखत राहिलं म्हणून कुठलंही सरकार पडल्याचं मी ऐकलेलं नाही.

साडेअकराला सेन्योरा आल्या. नाव सांगता येणार नाही. मी त्यांना सेन्योरा, म्हणजे बाई, असंच म्हणते. वय 71, ठेंगण्या, रोज लिपस्टिक लावून येणाऱ्या. गेली सहा वर्षं त्यांची औषधं मी देते. दीड वर्षापासून त्यांचा रक्तदाब कुणाला आवरेना. लोसार्टन 50ची 100 झाली, मग ॲम्लोडिपिन जोडली, मग लघवी वाढवणारी गोळी. रिफिल मात्र घड्याळ लावल्यासारखी वेळेवर, एक दिवस इकडेतिकडे नाही. डॉक्टरांनी आता चौथं औषध लिहून पाठवलं होतं आणि ते न्यायलाच त्या येतील असं मी धरून चालले होते. येताच मी त्यांना रक्तदाबाच्या यंत्रापाशी बसवलं. 192 वर 104.

“ते राहू दे, मिहा,” म्हणाल्या. “माझं वेगळंच काम आहे.” आणि पर्समधून त्यांनी झिप लावलेली प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. आत सुट्या गोळ्या. शे-दीडशे तरी असतील. “जकातवाले म्हणतात औषध मूळ वेष्टनात पाहिजे. तू मला या गोळ्या कंपनीच्या बाटलीत भरून, वरून सील करून दे.”

इथे प्रत्येक गोळीवर कंपनीचा ठसा असतो आणि तो पाहायची आमच्या डोळ्यांना सवय असते. तो ठसा भारतातल्या एका कारखान्याचा होता. तोच माल आमच्याकडे येत होता, आणि मीच तो त्यांना मोजून दिला होता. लोसार्टन आणि ॲम्लोडिपिन, दोन्ही.

मला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं. दीड वर्ष आम्ही सगळे, त्यांचे डॉक्टर आणि मी, एक-एक औषध वाढवत होतो, आणि या बाई दिवसाआड गोळी घेत होत्या. उरलेली क्यूबातल्या बहिणीला. त्यातून नात म्हणाली होती की येत्या सोमवारपासून आजीचा गोळ्यांचा डबा मीच भरणार. म्हणजे सोमवारी चारही औषधं पुऱ्या मात्रेत पोटात गेली असती, आणि या वयात रक्तदाब एकदम उतरून बाथरूममध्ये एकदा चक्कर येऊन पडणं म्हणजे काय, ते मला सांगायला नको.

लस टोचायची आमची एक लहानशी खोली आहे. तिथे त्यांना नेलं, दार लावलं.

त्यांची बहीण कार्देनासला, मातान्सास प्रांतात. त्या जुलैत क्यूबातला कोरोनाचा सगळ्यांत मोठा कहर त्याच प्रांतात होता. सेन्योरा 1980च्या मे महिन्यात मारिएल बंदरातून निघाल्या. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात त्या बंदरातून सव्वा लाख माणसं फ्लोरिडात उतरली. जाणाऱ्यांच्या घरावर शेजारीपाजारी जमून शिव्या द्यायचे, अंडी फेकायचे. यांच्याही घरावर फेकली. धाकटी बहीण आईसाठी मागे राहिली आणि ती भिंत तिने दोन दिवस घासली. देश सोडणाऱ्यांना तेव्हा ‘गुसानो’ म्हणत, म्हणजे अळी. आज हायलियातून क्यूबाला सामान जातं त्या लांबट कापडी बॅगांचं नावही गुसानोच आहे.

आई गेली 2006 मध्ये. बुश सरकारने 2004 च्या जूनअखेरीपासून नियम केला होता की क्यूबन माणसाने तीन वर्षांतून एकदाच, जास्तीत जास्त 14 दिवस घरी जायचं. सेन्योरा 2004 च्या मार्चमध्ये जाऊन आल्या होत्या. त्यांची पाळी 2007 ला होती. आई तोवर थांबली नाही. त्या नियमात कुटुंब कुणाला म्हणायचं तेही ठरवून दिलं होतं: आईबाप, आजीआजोबा, भावंडं, नवरा-बायको, मुलं, नातवंडं. मावशी, आत्या, काका कुटुंबात धरलेच नव्हते. मावशी कुटुंबात नाही हे वाक्य मिरजेला आमच्या घरी कुणाला समजावून सांगणं मला जमणार नाही. ओबामांनी 2009 मध्ये ही बंधनं उठवली. सेन्योरा तेव्हापासून वर्षातून दोनदा जायच्या, कोरोना येईपर्यंत.

“पैसे पाठवायचे होते,” मी म्हटलं.

“कुठून?” त्यांनी उलट विचारलं. खरंच होतं. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे पैसे पाठवणाऱ्या वेस्टर्न युनियनने क्यूबातल्या आपल्या 407 शाखा 2020 च्या नोव्हेंबरमध्ये बंद केल्या होत्या. पैसे कुणाच्या तरी खिशातून जायचे. सामान नेऊन पोचवणाऱ्यांना इथे ‘मुला’ म्हणतात, म्हणजे खेचर, आणि विमानंच मोजकी असल्यामुळे मुला मिळत नव्हत्या. शिवाय पैसे पोचले तरी घेणार काय? त्या देशाने नुकतीच स्वतःची कोरोना लस बनवली होती. अब्दाला नावाच्या त्या लसीला 9 जुलैला, मोर्च्यांच्या दोनच दिवस आधी, मान्यता मिळाली. बहिणीच्या गल्लीत सरकारी डॉक्टर आहे, तपासायचे पैसे घेत नाही. पण त्याने लिहिलेलं एनालाप्रिल, म्हणजे रक्तदाबाचं औषध, दुकानात येत नव्हतं. अमेरिकेतून कोंबडी मात्र जहाजं भरून जाते. 2000 सालच्या कायद्याने अन्न विकायची मुभा आहे, रोख पैसे आधी मोजून. सेन्योरांच्या बहिणीच्या ताटात अमेरिकेची कोंबडी कधीमधी येत होती, गोळी येत नव्हती. कच्चा माल घ्यायला तिकडे परकीय चलन नाही आणि इकडचे निर्बंध बँकांना व्यवहार करू देत नाहीत. कुणाचा दोष किती, यावर रांगेत संध्याकाळपर्यंत भांडण चाललं असतं.

मी त्यांना सांगितलं की सुट्या गोळ्या मी बाटलीत भरून सील करू शकत नाही. माझं लायसन्स जाईल ही एक गोष्ट. आणि त्या कधीच्या, कशा ठेवलेल्या, काही कळायला मार्ग नाही. त्या काही बोलल्या नाहीत. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “चार दिवस तिचा फोन लागत नाही. व्हॉट्सॲप बंद आहे. ती जिवंत आहे की नाही ते तरी...”

शेजारणीकडे साधा फोन होता. महागडा, म्हणून त्या टाळत होत्या. मी म्हटलं लावा, इथूनच लावा. आठ-दहा वेळा लावल्यावर लागला. शेजारीण हाका मारत गेली, मागे कोंबडा आरवत होता, आणि मग बहिणीचा आवाज. सेन्योरांनी तोंडावर हात दाबून धरला. पहिलं वाक्य बहिणीचंच: “तू जेवलीस का?”

दोघींचं रडून झालं तेव्हा मी परवानगी घेऊन स्पीकर लावला आणि औषधवाली म्हणून ओळख सांगितली. एरवी जे सहा वर्षांत सेन्योरांना विचारायला हवं होतं, ते मी त्यांच्या बहिणीला विचारलं. गोळी रोज घेता का?

“रोज कशी घेणार?” ती म्हणाली. “डोकं फार दुखलं तर घेते. बाकीच्या ठेवल्या आहेत. पुढे काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक.”

सेन्योरांनी माझ्याकडे पाहिलं. इकडे ही दिवसाआड घेत होती, तिकडे ती बिस्किटाच्या डब्यात साठवत होती. दोघींच्या मधे समुद्र, आणि दोघींपैकी एकीचाही रक्तदाब आटोक्यात नाही.

“डब्यात किती आहेत?” मी विचारलं.

“मोजल्या नाहीत.”

“मग मोजा.”

मिनिटं पळत होती. सेन्योरा पर्समधून फोनकार्डाचे पैसे काढायला लागल्या, मी हात धरला. पलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. ती मोठ्याने मोजायला लागली, शेजारीण मधेमधे तिला दुरुस्त करत होती. ठशाची अक्षरं वाचायला लावली तेव्हा कळलं, सगळ्या लोसार्टन 50. गल्लीतल्या डॉक्टरने तिला सांगितलंच होतं, एनालाप्रिल नसेल तर ही चालेल, पण रोज. ‘रोज’ हा शब्द तिने बाजूला ठेवला होता. मी पुन्हा तोच सांगितला: दुखो न दुखो, रोज एक, आणि आठवड्याने त्याच डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब मोजून घ्यायचा. सेन्योरांनाही तेच. त्यांच्या डॉक्टरांना मी त्यांच्यासमोरच फोन लावला, सगळं खरं सांगितलं. ते काही क्षण गप्प होते. मग चौथं औषध त्यांनी रद्द केलं, लोसार्टन पुन्हा 50 वर आणली, बाकीची दोन थांबवली आणि सोमवारी या म्हणाले.

बहीण मोजत होती. मी पावतीच्या मागे दहा-दहाच्या रेघा ओढत होते. आकडा 164 आला. उद्यापासून रोज एक धरून मी कॅलेंडरवर बोट फिरवत गेले आणि त्यांना तारीख सांगितली: 26 डिसेंबर.

“म्हणजे नोचेबुएना पार पडेल,” फोनमधून आवाज आला. नोचेबुएना म्हणजे त्यांची 24 डिसेंबरची रात्र, डुकराचं मटण आणि काळ्या घेवड्याचा भात.

“तोवर मी येते,” सेन्योरा म्हणाल्या. “तू गोळी घे.”

“तू पण घे.”

फोन कट झाला. बाहेर रांग तशीच होती.