काळ्या घोड्याला किती फूट?

मंगळवार, १३ जानेवारी २०२६

चिऊ सकाळपासून वही उघडून बसली आहे. शाळा बुडवून संक्रांतीला बडोद्याला जायचं, तर बाईंनी अट घातली: ‘निसर्ग आणि मी’ या विषयावर दहा ओळी लिहून आणायच्या. चार झाल्यात. निसर्ग आपला मित्र आहे. निसर्ग आपल्याला प्राणवायू देतो. आपण निसर्गावर प्रेम केले पाहिजे. चौथी खोडली आहे. “आत्या, तू सांग ना काहीतरी.” मला तरी काय सुचणार? म्हटलं, खिडकीत जा आणि आजीला विचार.

ती खिडकी म्हणजे आईचं ऑफिस. दांडिया बाजारातला वाडा सोडून कारेलीबागेत आलो तेव्हा ‘मागे नदी आहे’ म्हणून ती हळहळली होती, आता तिथून उठत नाही. खाली कंपाउंडची भिंत, पलीकडे गांड्या बावळाचं, म्हणजे वेड्या बाभळीचं, रान आणि मग विश्वामित्री नदी. समोरच्या काठाला मातीचा एक उतार आहे. दिवाळीनंतर ऊन कोवळं झालं की दहाच्या सुमाराला तिथे मगर वर येते. पाहिलं नाही तर कळतही नाही, कोणी जुना टायर टाकलाय असं वाटतं. पुढचे पाय बाहेर पसरलेले, पोट मातीला टेकलेलं, तोंड सताड उघडं. ते उघडं तोंड बघून पाहुणे दचकतात. खरं तर अंग तापलं की तोंडातून उष्णता बाहेर सोडायची तिची ती रीत. शेपटीपाशी एक बगळा असा फिरत असतो, जसा आमचा वॉचमन.

आईने चिऊला म्हण शिकवली: सुसरबाई, तुझी पाठ मऊ.

“आजी, मऊ असते?”

“नसते. म्हणून तर म्हणायचं.”

बुधवार, १४ जानेवारी

उत्तरायण. सकाळी सहापासून गच्चीवर स्पीकर, ‘काप्यो छे’चा कल्लोळ, दुपारी ऊंधियुं. सबंध शहर दिवसभर वर बघत होतं आणि त्याच आकाशात संध्याकाळी पक्षी घरी परतत होते. शेजारच्या पोरांना सांगितलं, पाच वाजले की पतंग उतरवा. दोघांनी उतरवले, बाकीच्यांनी मान डोलावली. एक शराटी, तो लांब वाकड्या चोचीचा पक्षी, मांज्यात अडकून टाकीमागे पडली होती. पक्षी वाचवणाऱ्या हेल्पलाइनची मुलं खोका घेऊन आली आणि घेऊन गेली. जगेल की नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

तिळगूळ देताना आई म्हणाली, आज मकरसंक्रांत, सुसरबाईचाही सण. मकर म्हणजे नेमकी मगरच का, यावर दादा आणि ती जेवण होईपर्यंत वाद घालत होते.

गुरुवार, १५ जानेवारी

दादाला ‘जरा निसर्गात’ जायचं होतं. बडोद्यात निसर्ग आहेच कुठे, असं त्याचं म्हणणं. म्हणून आज पावागढ. पन्नास किलोमीटर गाडी, मग रोपवेची रांग, वर गर्दी, माकडं, प्लास्टिकच्या पिशव्या. तरी वारा छान होता, खोटं कशाला बोलू. चांपानेरच्या पडक्या मशिदींत चिऊ रमली.

उतरताना तिला म्हटलं, आपली विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते.

“आपली म्हणजे? ती मगरवाली?”

हो, तीच. दादा मोबाइलमध्ये डोंगराचे फोटो बघत बसला होता. मला गंमत वाटली. इथे जे पाणी बघायला आपण पेट्रोल जाळून येतो, तेच आमच्या खिडकीखाली पोचेपर्यंत ‘गटार’ झालेलं असतं. नदी इथे निसर्ग आणि घरी वास. वड तेवढा त्यातून सुटलाय, कारण त्याच्यावरून गावाचं ‘वडोदरा’ हे नाव पडलं. पण वटपौर्णिमेला आमच्या सोसायटीत झाड गाठायला कोण जातं? खाली भाजीवालीकडे फांदी मिळते.

गाडीत चिऊने पुराचं विचारलं. दीड वर्ष झालं, मी सलग कोणाला सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा. पाऊस लागला की बडोदेकर एकमेकांना दोनच प्रश्न विचारतात: आजवा सरोवराची पातळी काय, आणि काळ्या घोड्याला किती फूट? आजवा भरलं की जादा पाणी विश्वामित्रीतच येतं. काळ्या घोड्याच्या पुलावर २६ फूट ही धोक्याची खूण, त्या वेळी पाणी ३५ च्याही वर गेलं. आमचं पार्किंग रात्रीत बुडालं. तळमजल्यावरच्या बेन गॅसची शेगडी, देव आणि नातवाची दप्तरं घेऊन आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आल्या. तीन दिवस लाइट नाही, नऊ माणसं, खिचडी आणि पापड.

दुसऱ्या रात्री पाणी किती चढलं ते बघायला मी टॉर्च घेऊन जिना उतरले. वळणावरून उजेड टाकला तर खाली पाण्याच्या कडेला दोन ठिपके, निखाऱ्यासारखे लाल. मला आधी वाटलं कोणाच्या स्कूटरचा रिफ्लेक्टर. मग ठिपके मिटले आणि पुन्हा उघडले. पाचेक फूट लांब असेल. धारेला लागून थकली असणार, वाहतं पाणी टाळून पायरीला टेकली होती. मी तशीच उलट्या पावलांनी वर. हात इतका थरथरत होता की टॉर्चचा उजेड भिंतीवर नाचत होता.

सकाळी बेनने जिन्यावरून हात जोडले, “जय खोडियार मा.” मगर खोडियार मातेचं वाहन ना. मी वैतागून म्हटलं, बेन, ती घरात घुसलीय. तर म्हणाल्या, “एनुं घर छे, आपणे पछी आव्या.” घर तिचंच, आपण नंतर आलो. मला रागच आला. मग लक्षात आलं, सोफा, फ्रिज, मुलीच्या लग्नासाठी जमवलेल्या साड्या, सगळं त्यांचं बुडालंय, माझं नाही. आमची सोसायटी कोतर, म्हणजे नदीकाठची घळ, बुजवून उभी आहे, हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

दुपारी मगरी पकडणारी मुलं आली. गळ्यात दोर, डोळ्यांवर ओलं गोणपाट. डोळे झाकले की ती शांत होते म्हणे, आणि झालीही. मग जबड्याला टेप. चौघांनी उचलून नेली. त्या तीन दिवसांत शहराच्या वस्त्यांतून अशा चोवीस मगरी वनखात्याने उचलल्या.

गेल्या उन्हाळ्यात नदी रुंद आणि खोल करायचं काम चाललं होतं, खिडकीखाली दिवसभर पोकलेन घरघरायचे. पूर नको हे मलाही पटतं, जिना मी उतरले होते. पण मगर बीळ करते ते मातीच्या काठात. उन्हाळ्याच्या तोंडाला खड्डा खणून अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या आधी बाहेर येतात. म्हणजे आपल्याला काम उरकायची घाई असते नेमकी तिच्या बाळंतपणात. तरी फेब्रुवारी २०२५ च्या गणतीत नदीत चारशेच्या वर मगरी निघाल्या. मुळा-मुठेत निघतील का, असं दादाला विचारलं. त्याने गाणी लावली.

शुक्रवार, १६ जानेवारी

सगळे सकाळच्या गाडीने गेले. चिऊची वही मी चोरून वाचली. प्राणवायू गेला. आता पहिली ओळ अशी आहे: ‘माझ्या आजीच्या समोर एक मगर राहते.’ सहावी: ‘ती आमची मित्र नाही.’ सातवी: ‘पण ती कधी येते ते आजीला माहीत आहे.’ दहा ओळी झाल्याच नाहीत, आठ आहेत. बाई किती मार्क देतील कोण जाणे.

रविवार, १८ जानेवारी

ढगाळ आहे, गार वारा. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, सध्या तिला समोरचा काठ नीट दिसत नाही. दहा वाजता हाक आली, “आलीय का गं?”

मी खिडकीशी जाऊन बघितलं. उतार रिकामा, बगळाही नाही.

“नाही आली.”

“आज ऊन कुठंय? कशाला येईल ती वर. तूही स्वेटर घाल.”