पिकअपची कामं: यंदा मागचे पाटे, हाउसिंग आणि थोडा वाद

मीटर साडेतीन लाखांच्या पुढं गेलाय आणि इंजिनाचं हेड अजून उघडलेलं नाही. हे ऐकलं की लोक इंजिनाचं कौतुक करतात. पण वर्षानुवर्षं माल ओढलेल्या पिकअपचं खरं वय बॉनेट उघडून कळत नाही, खाली आडवं झोपून कळतं. म्हणून गुळाचा हंगाम सुरू व्हायच्या आत मागचा सगळा भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात खोलून घेतला.

गाडी दादा चालवतो, नाद मला. हंगामात गुऱ्हाळावरनं शाहू मार्केट यार्डात गूळ, एरवी शिरोलीचं कास्टिंग आणि मधनंमधनं आंबा घाट उतरून रत्नागिरी. असल्या गाडीला नुसते किलोमीटर मोजून उपयोग नाही. सर्व्हिसच्या पुस्तकात जड वापरासाठी ऑइल बदलायचं वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. मी तेच धरतो.

आता पाटे, म्हणजे मागचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या. त्यांची कमान (बाक) पार गेली होती, पाट्याचं टोक चेसिसला धरणाऱ्या शॅकलचे बुश संपले होते आणि सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मधेच झिजून बारीक झाला होता. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट ढिले राहिले की असंच होतं. पाट्यांची पकड सुटते, सगळा धक्का त्या एका सेंटर बोल्टवर येतो, आणि तो तुटला की अ‍ॅक्सल सरकून गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मिस्त्री म्हणाले, "एक पाटा वाढवूया की, गाडी उचलंल." सगळे तेच करतात. मी नको म्हटलं.

कारण हौद्याखाली मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही. त्याची दांडी हाउसिंगला, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या कवचाला, जोडलेली असते. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी फिरते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होऊन गाडी गरकन फिरेल. पाटा वाढवला की भरलेली गाडीसुद्धा उंचच राहते, आणि व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. मग घाट उतरताना सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर. पॅड तापून वास सुटला की लोक पॅडच्या क्वालिटीला शिव्या घालतात! शिवाय पाटा वाढवला म्हणून हब, बेअरिंग आणि चेसिस काही जाड होत नाहीत.

तर मेन पाटा नवा, बाकीच्यांना कमान मारून घेतली, बुश, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे. जुने यू बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरू नयेत. दांडी पुस्तकातल्या मापाला लावली. एक भरलेली खेप झाल्यावर यू बोल्ट परत आवळले, आणि चांगलेच फिरले. हे पुष्कळजण विसरतात.

हाउसिंगचं ऑइल काढलं तर पांढरट, पाणी मिसळलेलं. तापलेलं हाउसिंग पाण्यात गेलं की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधनं (हवा ये-जा करायच्या छिद्रातनं), सीलमधनं पाणी ओढून घेते. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की दादा गाडी बाहेरच काढत नाही, पण त्याआधीही शिवारातल्या ओढ्यांवरनं जावं लागतंच. ब्रीदर चिखलानं बुजला असेल तर उलटा त्रास: आत दाब साठून ऑइल सीलमधनं थेट ब्रेक लायनरवर येतं. साफ केला, पाइप जोडून चेसिसच्या वर नेला. चार पैशांचं काम.

हबला ग्रीस, हाउसिंगमधले क्राउन-पिनियन गिअर ठीक. क्लच अजून एक हंगाम काढेल.

राहिला हौद्याचा पत्रा. गुळाचा चिकटा हवेतला ओलावा धरतो, त्यात रत्नागिरीहून येताना मासळीचं खारं पाणी, त्यामुळं कोपरे कुजलेत. मला ३ मिमीचा चेकर्ड (उठावदार नक्षीचा) पत्रा टाकायचाय. दादाचं म्हणणं, त्यानं शंभरेक किलो वजन वाढतंय, तेवढा गूळ कमी बसणार, साधा पत्रा टाक आणि वर फळ्या मार. फळ्यांखाली ओल साठते, हे त्याला पटत नाही. गाडी आठ वर्षांच्या वरची, त्यामुळं पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी, आणि यंदाचं पुढच्या महिन्यात आलंय. कुणी चेकर्ड पत्रा टाकून दोन-तीन पावसाळे काढले असतील तर सांगा, दादाला दाखवतो.