आपला मारिओ ५० हर्ट्झचा होता

लहानपणीचं व्हिडिओ गेमचं मशीन सुरू झालं. रंग आले, आवाज आला, दोन्ही रिमोट चालतायत. जूनमध्ये काम हाती घेतलं तेव्हा दिवाळीत दादाबरोबर टँकचा खेळ खेळायचा असं मनाशी धरलं होतं, ते गणपतीतच जमलं. दुरुस्तीच्या नोंदी खाली आहेतच, पण या खेपेला जास्त जागा मी वेगाला देणार आहे. नव्वदच्या दशकात आपण मुंबईत जो मारिओ खेळलो, तो जपानी मुलांच्या मारिओपेक्षा हळू धावत होता आणि त्याचा आवाजही वेगळा होता. आठवणीतला खेळ परत हवा असेल तर तो वेग आणि तो आवाज दोन्ही परत आणावे लागतात, हे मला या पावसाळ्यात पटलं.

जून

आत्याची गिरगावातली चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. माळ्यावरच्या सामानात संच निघाला: पिवळं पडलेलं प्लास्टिक, दोन रिमोट, एक बंदूक आणि बिस्किटांच्या डब्यात कॅसेटी. आत्या म्हणाली, "तुझाच आहे तो, तूच घेऊन जा." तिने इतकी वर्षं तो टाकला नाही याबद्दल तिचे आभार मानावेत तेवढे थोडे.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. निन्टेंडोचा मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. आपल्या घरांत पोचल्या त्या त्याच्या नकला, समुराई, लिटल मास्टर अशा नावांच्या. कॅसेटची ६० पिनांची रचना मात्र फॅमिकॉमचीच, म्हणून जपानी खेळ त्यांच्यावर थेट चालायचे.

बोर्ड उघडला आणि जीव सुखावला. नंतरच्या स्वस्त संचांत सगळा कारभार एका काळ्या ठिपक्याखाली दडलेला असतो आणि तो बिघडला की संच संपला. इथे ४० पायांच्या दोन आयसी समोर दिसत होत्या: यूए६५२७पी आणि यूए६५३८, दोन्ही तैवानच्या यूएमसी कंपनीच्या. पहिलीत प्रोसेसर आणि आवाज, दुसरी चित्राची. शेजारी क्रिस्टल, म्हणजे मशीनला ठेका देणारा भाग, त्यावर २६.६०१ असा आकडा. हा आकडा लक्षात ठेवा.

सप्लायचं काम साधं होतं. आत ७८०५ रेग्युलेटर आहे, तो ५ व्होल्ट देतो आणि उरलेलं उष्णतेत घालवतो. फुगलेले कंडेन्सर बदलले, रेग्युलेटरच्या पायांचं ड्राय सोल्डर पुन्हा तापवलं. जुना अडॅप्टर लावण्याआधी मल्टिमीटरने पोलॅरिटी तपासा, ही विनंती कळकळीने करते. फॅमिकॉमच्या अडॅप्टरला मधली पिन निगेटिव्ह असते, नकलांचा काही भरवसा नाही, आणि यूएमसीच्या या आयसी आता सहज मिळत नाहीत.

जुलै

सगळे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणले. ग्रँट रोड स्टेशनवरून उतरून भर पावसात त्या दुकानांपर्यंत चालत जायचं, काउंटरवर चिठ्ठी सरकवायची आणि आतल्या माणसाने न बघता बरोबर खणात हात घालायचा, हे अजूनही तसंच आहे. ट्रान्झिस्टर, ७५ ओमचे रेझिस्टर, आरसीएचे सॉकेट, सगळं एकाच फेरीत मिळालं.

हे सामान एव्ही आउटसाठी, म्हणजे चित्र आणि आवाज वायरीने थेट टीव्हीला द्यायला. आपण लहानपणी अँटेनाच्या वायरीतून चित्र घ्यायचो आणि टीव्हीचं बारीक चाक फिरवत मुंग्या कमी करायचो. आता चित्राच्या आयसीच्या २१ नंबरच्या पायावरून कॉम्पोझिट (सगळं चित्र एकाच वायरीतून नेणारा) सिग्नल घेऊन, ट्रान्झिस्टरने जोर देऊन, थेट सॉकेटला जोडलाय. तो पाय बोर्डपासून उचलून स्वतंत्र वायर काढली तर चित्रातल्या उभ्या पट्ट्या बऱ्याच कमी होतात. बोर्डवर शेजारून जाणाऱ्या लाइनींचा गोंगाट सिग्नलमध्ये मिसळतो, त्या या पट्ट्या.

कॅसेटींबद्दल एकच सांगते. फुंकर मारू नका. फुंकरीमुळे कॅसेट चालते असं वाटायचं, पण खरं काम कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने व्हायचं. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट तांब्यावर गंज चढतो. मुंबईच्या हवेत तो आधीच चढलेला असतो. खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. माझ्या एका कॅसेटीच्या पिना हिरव्या झाल्या होत्या, तीही सुरू झाली.

वेगाचं प्रकरण

आता मुद्द्याचं. जपानमधला टीव्ही सेकंदाला जवळपास ६० चित्रं दाखवायचा, आपला पॅल या प्रसारण पद्धतीचा टीव्ही ५०, म्हणजेच ५० हर्ट्झ. या मशीनवरचे खेळ घड्याळ बघत नाहीत, चित्रं मोजतात. मारिओच्या कोपऱ्यात तो टाइम असतो ना, त्यातला एक आकडा २४ चित्रांनी कमी होतो. म्हणजे ४०० चा टाइम संपायला जपानमध्ये १६० सेकंद लागायचे आणि आपल्याकडे १९२. आपल्याला ४०० वाल्या प्रत्येक स्टेजला ३२ सेकंद जास्त मिळत होते! अर्थात मारिओही त्याच हिशोबाने सावकाश धावायचा. ३० चित्रांची एखादी हालचाल तिथे अर्ध्या सेकंदात उरकायची, आपल्याकडे ०.६ सेकंदांत.

निन्टेंडोने युरोपच्या पॅल देशांसाठी वेगळ्या आयसी काढल्या, आणि मारिओची तिथली आवृत्ती वेग जुळवून घेऊन दिली. यूएमसीने निराळी वाट काढली. त्यांना जपानी कॅसेटी न बदलता पॅल टीव्हीवर चालवायच्या होत्या. म्हणून चित्राच्या आयसीचा वेग प्रोसेसरच्या तिप्पट, हे प्रमाण जपानी मशीनसारखंच ठेवलं, आणि पॅल चित्रातल्या जास्तीच्या ५० ओळी चित्र संपल्यावर नुसत्या वाट बघण्यात घालवल्या. खेळाला पत्ताच लागत नाही की टीव्ही बदललाय. क्रिस्टलवरच्या २६.६०१ ला १५ ने भागलं की प्रोसेसरचा वेग येतो, सुमारे १.७७ मेगाहर्ट्झ. जपानी मशीनचा १.७९. फरक एक टक्क्याच्या आसपास.

याचा आवाजावर होणारा परिणाम मला फार आवडतो. सूर प्रोसेसरच्या वेगावर ठरतो, तो जवळपास जागच्या जागी राहिला. लय चित्रांवर ठरते, ती सहाव्या हिश्शाने उतरली. म्हणजे तीच चीज, त्याच पट्टीत, पण द्रुतऐवजी मध्यलयीत. त्यात आणखी एक गंमत: यूएमसीच्या आवाजाच्या भागात चौकोनी लहरींच्या चार प्रकारांपैकी २५ आणि ५० टक्केवाल्यांची अदलाबदल झाली आहे. जिथे मूळ संगीतकाराने भरीव, गोल आवाज योजला होता तिथे पातळ, किंचित नाकातला येतो, आणि उलट. मारिओच्या पहिल्या स्टेजचं संगीत मी मूळ फॅमिकॉमच्या ध्वनिमुद्रणात ऐकलं, मग याच्यावर, लागोपाठ. दुसरं ऐकताना आमच्या जुन्या बैठकीच्या खोलीतलं सगळं आठवलं, दुपारी पंख्याच्या आवाजात मिसळणारा तो पातळ स्वर, टीव्ही तापल्याचा वास, आईचं "डोळे फुटतील" असं ओरडणं. पहिलं ऐकताना छान वाटलं, पण ते दुसऱ्या कुणाचं बालपण होतं.

ज्यांच्याकडे संच नाही त्यांनी मेसेन किंवा एफसीईयूएक्स एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर) घ्यावा आणि सेटिंगमध्ये रीजन "डेंडी" निवडावा. डेंडी हा रशियात गाजलेला याच जातीचा संच, त्याचा हिशोब आपल्यासारखाच. शिवाय स्क्वेअर चॅनेलचे ड्यूटी सायकल, म्हणजे वर सांगितलेले चौकोनी लहरींचे प्रकार, अदलाबदल करण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा. इतकी वर्षं एम्युलेटरवर उड्या चुकतात, खड्डे गाठतात, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी हे नक्की करून बघा. वय झालं असं समजू नका. तुमच्या बोटांनी ५० हर्ट्झवर तालीम केली आहे आणि ती तालीम शाबूत आहे.

ऑगस्ट: टीव्ही

हे मशीन सपाट टीव्हीवर लावून पाहिलं आणि काढून ठेवलं. ते ३१२ ओळींचं, दोन अर्ध्या चित्रांच्या ओळी एकाआड एक न विणलेलं चित्र पाठवतं; बरेच नवे टीव्ही त्याला विणलेलं समजून उकलायला जातात. त्यात बटण दाबणं आणि मारिओ उडणं यांत अंतर पडतं, आणि मार बसल्यावर मारिओ जो लुकलुकतो तो कधी पूर्ण गायबच होतो.

शेजारच्या इमारतीतल्या काकू त्यांचा २१ इंची जुना टीव्ही भंगारात देणार होत्या, तो मागून घेतला. परळच्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिकने तपासला. "ट्यूब अजून तरुण आहे, ताई," ते म्हणाले. "पण मागचं कव्हर तुम्ही उघडायचं नाही. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये करंट धरून असतो." तो दाब वीस हजार व्होल्टच्या पुढचाही असू शकतो, त्यामुळे मीही तुम्हाला तेच सांगते: ट्यूबचं काम जाणत्या माणसाकडेच द्या. त्यांनी फ्लायबॅकजवळचं (ट्यूबला जास्त दाब पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळचं) सोल्डर नवं केलं, फोकस लावला, आणि मारिओची वीट कडेने तीक्ष्ण, आत मऊ अशी दिसायला लागली. कॉम्पोझिटमध्ये शेजारचे रंग एकमेकांत थोडे उतरतात. ४० किलोबाइटच्या खेळात, ढग आणि झुडपं एकाच आकाराला वेगळे रंग देऊन काढलेल्या खेळात, चित्रकाराने या मऊपणाचाही हिशोब धरला असणार असं मला तरी वाटतं.

बंदूकही या टीव्हीमुळेच जागी झाली. डक हंटमध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीतल्या प्रकाशग्राहकाला तो दिसला तर बदक पडतं. काळ्यानंतर लगेच पांढरं, ही वेळ अचूक लागते, सपाट टीव्हीच्या उशिरात ती चुकते. आणि हे अनेकांना माहीत नसतं: एक बदकवाल्या खेळात दुसऱ्या खेळाडूला रिमोटने बदक उडवता येतं. पुतणीला हे सांगितलं तेव्हापासून माझी बदकं भलतीच हुशार झाली आहेत.

गणपती

दादा, वहिनी आणि पुतणी दीड दिवसासाठी आले होते. आरती आटोपली, पानं उचलली, आणि दादा म्हणाला, "लाव गं ते." टँक म्हणजे नामकोचा १९८५ चा बॅटल सिटी. ३५ स्टेजेस, प्रत्येकीत शत्रूचे २० टँक, खाली मध्ये विटांच्या आड पक्षी. दोघांनी मिळून खेळायचा याहून चांगला खेळ मी आजवर पाहिलेला नाही. साथीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ जागेवर खिळतो. या एका नियमात भावंडांचं सगळं नातं बसलंय. दादा अजूनही डावी बाजू सोडत नाही, टँकची ताकद वाढवणारा तारा दिसला की पक्ष्याला उघडं टाकून धावतो, आणि मी अजूनही त्याच्या नावाने ओरडते. पंधराव्या स्टेजपर्यंत गेलो. वेग बरोबर होता म्हणूनच हे झालं, असं मी ठामपणे म्हणते. दोघांनाही पुढचा टँक कुठून वळणार ते हाताला आधी कळत होतं.

पुतणीची गोष्ट निराळी. तिला कुठलीच आठवण नाही. तिने कन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे स्वतःचं स्टेज रचायच्या भागात, जाऊन लोखंडी भिंतींचा चक्रव्यूह काढला आणि त्यात आम्हा दोघांना अडकवलं. लॅपटॉपवर तिला ५० आणि ६० दोन्ही दाखवले, तर तिने ६० निवडला. "हा जास्त मजेशीर आहे, आत्या." तिच्यासाठी तोच बरोबर. खेळाची मजा आणि आपली आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मजा आठवणीशिवायही उभी राहते हे डोळ्यांनी पाहून मला फार बरं वाटलं. लॅपटॉप तिचा, मशीन माझं.

दादाने मुस्तफाचाही विषय काढला. व्हिडिओ गेम पार्लरमधला तो खेळ म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, हे आपल्यापैकी बहुतेकांना खूप उशिरा कळलं. त्याला मात्र डेंडीचं सेटिंग शोधू नका. पार्लरच्या पेटीतला मॉनिटर टीव्ही केंद्राच्या पद्धतीला बांधलेला नसायचा, तो बोर्डच्या तालावर चालायचा. त्यामुळे गिरगावातला मुस्तफा आणि ओसाकातला मुस्तफा एकाच वेगाने, सेकंदाला साठाच्या किंचित खाली चित्रं दाखवत, धावत होता.

आता उरलेलं

दुसऱ्या रिमोटचं बी बटण जोर लावल्याशिवाय लागत नाही. रबराखालचा कार्बन झिजलाय, नवं रबर मिळतंय का बघते. प्लास्टिकचा पिवळेपणा मी काढणार नाही, तो आत्याच्या माळ्याचा आहे. मल्टी-कॅसेटीतले हजारो खेळ तपासतेय, त्यातले बहुतेक त्याच मोजक्या खेळांची वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारी रूपं आहेत, पण काही बदल चांगलेच कल्पक आहेत. त्यांची यादी पुढच्या नोंदीत.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा संच माळ्यावर पडलाय त्यांनी तो उघडून क्रिस्टलवरचा आकडा आणि आयसींची नावं कळवा. काळा ठिपका असेल तर तेही सांगा, आणि मारिओचा ४०० चा टाइम स्टॉपवॉच लावून मोजा. १९२ सेकंद आले तर तो आपल्याच घराण्यातला.